ताळेबाईंची लाल पट्टी

बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या हिशेब खात्यात चार माणसं होती. चौघांपैकी तिघं नव्या संगणकाच्या प्रणालीला सोमवार ते शुक्रवार हातही लावत नव्हती आणि एक बाई रोज नऊ ते साडेपाच तिच्यावरच काम करत होती. मग एके दिवशी 'नवी प्रणाली कुणी किती स्वीकारली' याचा रंगीत तक्ता भिंतीवर लागला. तिघांच्या पट्ट्या हिरव्यागार, पार कागदाच्या वरच्या कडेला टेकलेल्या. बाईंची पट्टी लाल आणि बोटाच्या पेराएवढी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पट्टी तेवढीच राहिली.

"वा वा!" शेजारून आवाज आला. "रंगसंगती छान जमली आहे हं!"

हा आवाज ज्यांचा होता त्यांना सगळा कारखाना वाहवा म्हणत असे. गृहस्थ बेचाळीस वर्षांचे, कायम इस्त्रीत. साहेब काही बोलले की हे 'वा वा', साहेब गप्प बसले की हे 'वा, काय विचार करताहेत!' एकदा भर उन्हाळ्यात पंखा बंद पडला तेव्हा म्हणाले होते, "वा, काय शांतता!"

आणि लाल पट्टीच्या बाई म्हणजे ताळेबाई. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुणीही कुठलाही आकडा सांगितला की बाई तो तोंडातल्या तोंडात उलटा करून तपासत, ताळा जमला तरच मान हलवत. लग्नपत्रिका आली तरी आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघत. दोनदा जुळले नव्हते. एकदा तर त्यांनी मुलीच्या बापाला फोन करून कळवलं आणि त्याने आभार मानायच्या ऐवजी फोन आपटला.

ताळा करायला त्यांना शिकवलं आजोबांनी. आजोबा म्हणजे खात्याचे प्रमुख, कारखान्यातले सगळ्यात जुने नोकर. सत्तावीस वर्षांपूर्वी बाई दोन वेण्या घालून नोकरीला आल्या तेव्हा आजोबा म्हणाले होते, "पोरी, आधी वरून खाली बेरीज कर, मग खालून वर. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर तो आपला. नाही आला तर शेजाऱ्याचा." तेव्हापासून बाई दुसऱ्या टेबलावर आणि आजोबा खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर. आजोबा या महिनाअखेर निवृत्त होणार होते. "माझ्यानंतर तूच," हे ते बाईंना इतक्यांदा म्हणाले होते की बाईंनी मोजणं सोडून दिलं होतं, आणि ताळेबाईंनी मोजणं सोडणं म्हणजे विश्वासाची कमाल.

पण आता पहिलं टेबल कुणाला द्यायचं ते ठरणार होतं त्या तक्त्यावरून. असं जावईबापूंनी जाहीर केलं होतं.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. दीड वर्षापूर्वी कारखान्यात आले आणि येताना ही प्रणाली घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'बेसिकली'चा टेकू लागे, तो काढला तर वाक्य खाली बसे. "बेसिकली ना, हे फ्यूचर आहे. आपल्याला ना, बेसिकली, माइंडसेट चेंज करायचाय." बोलताना दोन्ही हात असे हलवत की समोरच्याला वाटावं, हवेतल्या हवेत गाडी मागे घेताहेत.

प्रणाली आली तेव्हा हिशेब खात्यात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. कुणीही 'नको' म्हटलं नाही. 'नको' म्हणायला धाडस लागतं. 'हो' म्हणाले आणि कामाला लागले, म्हणजे जुन्याच.

सकाळी अकराला खात्यातल्या दुसऱ्या बाई आपल्या स्टीलच्या थर्मासचं झाकण उघडत. त्यावरून त्यांचं नावच थर्मास. चहा त्यांचा, कप ज्याचा त्याचा, आणि खात्याचं सगळं राजकारण त्या वाफेत शिजायचं. तिथेच ठरलं की यंत्राची घाई करायची नाही.

"मी काय म्हणते," थर्मास चहा ओतता ओतता म्हणाल्या, आवाज असा खाली आणून की तीन टेबलांपलीकडे नीट ऐकू जावा, "माझ्या भावजयीच्या ऑफिसात असंच आणलं होतं. सहा महिन्यांत बंद. उगाच शिकून बसायचं आणि मग विसरायचं, म्हणजे दुप्पट मेहनत नाही का?"

"वा, पटलं," वाहवा म्हणाले.

आजोबांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. आजोबांनी फुंकर मारली म्हणजे ठराव मंजूर.

तेव्हापासून वाहवांच्या खणात एक निळी डायरी आली. थर्मास जुन्या कॅलेंडरांच्या पाठी वापरू लागल्या. आजोबांचं लांबलचक रजिस्टर तर कुठे गेलंच नव्हतं. आठवडाभर सगळं कागदावर, आणि शनिवारी जेवणानंतर आठवड्याच्या नुसत्या बेरजा यंत्रात ओतायच्या. 'ओतायच्या' हा त्यांचाच शब्द. "झालं का तुमचं ओतून?" "माझं अर्धं ओतलंय, बाकी चहानंतर." जावईबापूंच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की तिघांचे पडदे उजळत, खण बंद होत आणि तीन चेहरे निळ्या उजेडात असे गंभीर दिसत की जणू चंद्रावर यान उतरवताहेत.

"कसं वाटतंय?" जावईबापू विचारत.

"एकदम सोपं!" एका सुरात.

बाई मात्र खरंच शिकल्या. कारण साधं होतं आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं रजिस्टरातले आकडे त्यांच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखे चालायला लागले होते. तिनाचा आठ होई, आठाचा शून्य. चष्मा दोनदा बदलला. यंत्रात मात्र असं एक बटण होतं की ते दाबलं की आकडे अंगठ्याएवढे होत आणि जागच्या जागी उभे राहत. पहिले तीन आठवडे बाईंना रडू यायचं बाकी होतं. चौथ्या आठवड्यात बोटं आपोआप चालू लागली. सहाव्या आठवड्यात त्यांना समजलं की आपण पुन्हा पहिल्यासारखं काम करतोय, आणि त्या दिवशी घरी जाताना त्या बसमधून एक स्टॉप आधीच उतरून चालत गेल्या, नुसत्या खुशीत.

चहाच्या वेळी याचं कौतुक झालं ते असं:

"काय बाई, आज पण चहा पडद्याकडे बघत बघतच? घरी नेणार का त्याला?"

"साहेबांना दाखवायचं असेल हो, आता टेबल रिकामं होणार ना!"

"वा, काय निष्ठा!"

आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी बाईंना रजिस्टर तपासायला देणं बंद केलं. बाईंना ते लागलं. थर्मासचं बोलणं कानाआड करता येत होतं, आजोबांच्या गप्प बसण्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

यंत्र रोज वापरणाऱ्याला यंत्राची खोडही कळते. बाईंना ती कळली परत आलेल्या मालात. गिऱ्हाइकाकडून खराब बिजागऱ्यांची खोकी परत आली की त्यांची नोंद करायची. यंत्र विचारी, मूळ बिल कुठलं? बिल याच महिन्यातलं असेल तर सगळं ठीक. मागच्या महिन्यातलं असेल तर यंत्र नोंद घेई, हिरवी खूण दाखवी, 'धन्यवाद! नोंद झाली' असं आदबीने सांगे, आणि ती खोकी नाहीशी होत. ना गोदामाच्या साठ्यात, ना परतीच्या यादीत. बाईंनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. बावन्न पावत्या नीट भरलेल्या आणि यादीत शून्य.

बाकी तिघांना हे कधी दिसणारच नव्हतं. ते परतीचा माल डायरीतच वजा करत आणि उरलेला आकडा शनिवारी ओतत. परतीच्या पडद्यावर ते आयुष्यात गेले नव्हते.

आणि मग तो फॉर्म आला.

दहा विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच. जावईबापू स्वतः वाटत होते. "बेसिकली, एकदम मनमोकळेपणाने लिहा. काही भीती नाही. नाव वर लिहायला विसरू नका." आणि मग ते मनमोकळेपणा नीट बघता यावा म्हणून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

'ही प्रणाली मला उपयुक्त वाटते.' बाईंनी पाच लिहिले. 'प्रणालीने माझं काम सुलभ झालं.' पाच. 'माझे सहकारी ही प्रणाली वापरतात, म्हणून मलाही ती वापरावीशी वाटते.' इथे बाईंनी पेन थांबवलं आणि सहकाऱ्यांकडे पाहिलं. थर्मास वाहवांच्या कागदात डोकावत होत्या, वाहवा पाच पाच पाच अशी रांग काढत होते, आजोबा चष्म्यावरून जावईबापूंच्या बुटांकडे बघत पाच लिहीत होते. बाईंनी एक लिहिला. 'प्रणाली देते त्या आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे.' एक. 'प्रणालीत सुधारणेची गरज नाही.' एक. असं करत करत आठ ठिकाणी एक आला. मग त्यांनी कागद उलटला आणि मागे बारीक अक्षरात आठ ओळी लिहिल्या: परतीचा माल, मागचा महिना, बावन्न पावत्या, कुठल्या पडद्यावर काय होतं, सगळं.

तक्ता बनवणाऱ्याने पुढची बाजू मोजली. मागच्या बाजूसाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

"ताई," लाल पट्टीपुढे उभं राहून जावईबापू म्हणाले, आवाजात एवढी माया की जणू मलम लावायला आलेत, "वाईट वाटून घेऊ नका. बेसिकली वयाप्रमाणे रेझिस्टन्स येतो. नॅचरल आहे."

"मी मागे लिहिलंय, साहेब. तेवढं वाचा."

"मागचं सोडून द्यायचं, ताई! तेच तर सांगतोय! पुढे बघायचं!"

"वा वा!" वाहवा म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयाप्रमाणे? आजोबा त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, त्यांची पट्टी कागदातून वर निघायला बघत होती! पण बाईंच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत जावईबापूंनी जाहीरही करून टाकलं की ताईंना चार दिवस 'संगणकाची ओळख' या वर्गाला पाठवायचं, आणि पहिल्या टेबलाचा निर्णय महिनाअखेर, मालकांसमोर. "बेसिकली, ज्याचा स्वीकार जास्त, त्याची खुर्ची."

घरी बाई पोळपाट आपटत सगळं बोलल्या. नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता, मोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. तो बोटांतलं ग्रीस कापडाने पुसत ऐकत होता.

"एक सांगू का तुला?" तो म्हणाला. "लिफ्ट अडकते अशी तक्रार कोण करतं? लिफ्टने जाणारा. जिन्याने जाणाऱ्याला विचार, म्हणेल, लिफ्ट झकास आहे, कधी त्रास नाही."

"मग हे तुझ्यासारख्या मेकॅनिकला कळतं आणि त्यांना का कळत नाही?"

"मला फोन येतो ना मधल्या मजल्यावरून. त्यांना कोण करणार?"

वर्ग एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होता. बाईंच्या एका बाजूला निवृत्त हेडमास्तर माउस हवेत धरून पडद्याकडे रोखत होते, टीव्हीच्या रिमोटसारखा. दुसऱ्या बाजूला फळांच्या दुकानाची मालकीण प्रत्येक बटण दाबायच्या आधी 'हे दाबलं तर काही उडणार तर नाही ना?' म्हणून विचारत होती. शिकवणारी मुलगी पंचविशीची, प्रणाली बनवणाऱ्या कंपनीतलीच.

"हा माउस. घाबरायचं नाही."

"मी घाबरलेली नाही," बाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात, काकू."

बाईंनी दात ओठ खाऊन अर्धा तास माउस धरला. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या मुलीला बसवलं, स्वतः तिच्या यंत्रावर प्रणाली उघडली, आणि मागच्या महिन्याच्या बिलावर परतीची एक नोंद करून दाखवली. हिरवी खूण. धन्यवाद. यादीत शून्य.

मुलीच्या हातातला डबा उघडा तो उघडाच राहिला. "परत करा बघू."

बाईंनी परत केलं. मग छोट्या बिलावर, मोठ्या बिलावर, अर्ध्या परतीवर, पूर्ण परतीवर. बोटं अशी चालत होती की हेडमास्तर माउस खाली ठेवून बघत राहिले.

मुलीने कंपनीत फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलली आणि आली ती ओशाळलेली. "काकू, म्हणजे मॅडम... दुरुस्ती दोन दिवसांचं काम आहे. पण तुमच्या कारखान्याकडून तर आमच्याकडे पत्र आलंय, एक ताई सोडून सगळे शंभर टक्के समाधानी म्हणून. त्यामुळे तुमची फाइल बंद केली आहे. ती उघडायला तुमच्या ऑफिसातून लेखी तक्रार लागेल. निदान दोन वापरणाऱ्यांच्या सह्या."

"दोन? एक मी आहे."

"मग दुसरी आणा ना. तुमच्याकडे तर सगळेच वापरतात." तिने कागद चाळला. "बाकी तिघांचे पाच पैकी पाच!"

बाई तो तक्रारीचा कागद घेऊन परत आल्या. एक सही हवी होती, एवढंच. ती मिळाली तर यंत्र दुरुस्त झालं असतं आणि लाल पट्टी का लाल आहे तेही सगळ्यांना कळलं असतं. बाई आधी थर्मासकडे गेल्या.

"अय्या, सही? मी?" थर्मासनी कागद दोन बोटांत धरला, जणू ओला आहे. "बाई, तुमचं खरंच असेल हो, मी कुठे नाही म्हणते! पण मी पाच दिलेत. आता सही केली तर साहेब म्हणतील, तेव्हा पाच का दिले? आणि मी एकटी कशी करू? आधी त्यांची घ्या, मग मी लगेच करते. लगेच!"

'त्यांची' म्हणजे वाहवांची. वाहवांनी कागद वाचला, मनापासून वाचला. "वा," ते म्हणाले, "काय बारकाईने लिहिलंय! भाषा काय सुंदर! नाही, सही नाही करता येणार मला. समजून घ्या. दोन दिवसांवर निर्णय आलाय. आणि आजोबांची सही आधी असली तर बरं दिसेल, नाही का, मोठे आहेत."

आजोबांनी कागद वाचला तो सगळ्यात शेवटी. वरून खाली. मग खालून वर. म्हणजे त्यांना समजलं होतं.

"पोरी, दोन दिवस राहिलेत माझे," ते खाली बघत म्हणाले. "निरोप समारंभाला हार आणायला सांगितलाय त्यांनी. मला आता कुणाच्या डोळ्यांत यायचं नाही."

"आजोबा, आकडा चुकीचा आहे."

"आहे."

"मग?"

आजोबांनी कागद घडी घालून परत दिला. बाई जागेवर येऊन बसल्या. तिघांचाही राग आला होता, पण आजोबांचा आला तो वेगळाच. सत्तावीस वर्षं ज्यांनी चुकीच्या आकड्याखाली लाल पेन्सिल ओढायला शिकवलं, त्यांचंच बोट आता पेन्सिल उचलेना! आणि कशासाठी? एका हारासाठी? की ज्यांच्या बुटांकडे बघून पाच लिहिले त्यांची मर्जी आणखी दोन दिवस राखायची म्हणून? चहाच्या वेळी थर्मासनी नेहमीसारखा कप पुढे केला. बाईंनी कप पालथा घालून ठेवला.

दोन दिवसांनी साडेदहाला मालक खात्यात आले. मालक वृद्ध, ऐकायला थोडे कमी, बघायला थोडे जास्त. खुर्च्या गोल मांडलेल्या. जावईबापूंनी भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं राहून स्वीकाराची सगळी कहाणी सांगितली, हातांनी गाडी चार वेळा मागे घेतली आणि शेवटी म्हणाले, "आणि बेसिकली, सर्वाधिक स्वीकार आपल्या... यांचा." वाहवा उठून उभे राहिले, हात जोडून.

"बरं," मालक म्हणाले. "मग यांनाच विचारतो. या महिन्यात परतीचा माल किती आला?"

वाहवांनी पडदा उजळला. खणाकडे एकदा पाहिलं. पण खण मालकांच्या गुडघ्यापाशी होता. मग त्यांनी बटणं दाबली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा यादी उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. "शून्य, साहेब! वा! एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही!"

"शून्य?" मालकांनी कानामागे हात धरला. "सकाळी फाटकावर टेम्पो उतरत होता तो कसला? अकरा खोकी मी मोजली. कड्या गंजलेल्या."

थर्मासनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

बाई उठल्या. मागितली नव्हती तरी परवानगी मिळाल्यासारख्या वाहवांच्या यंत्रापाशी गेल्या, टेम्पोची पावती काढली आणि मालकांना दिसेल असे आकडे अंगठ्याएवढे केले. "ही अकरा खोकी. मूळ बिल मागच्या महिन्यातलं. हे भरलं. ही हिरवी खूण. हे धन्यवाद. आता ही यादी." शून्य. "अशा त्रेपन्न पावत्या झाल्या, साहेब. आधीच्या बावन्न मी लेखी कळवल्या होत्या."

"ताई, बेसिकली तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असणार," जावईबापू म्हणाले.

"मग तुम्ही दाबा."

जावईबापू पुढे झाले. माउस हातात घेतला. पडद्यावर बाण इकडून तिकडे फिरला, एका कोपऱ्यात गेला, परत आला. जावईबापूंना परतीचा पडदा कुठे असतो तेच माहीत नव्हतं.

"तू वापरलं नाहीस?" मालकांनी विचारलं.

"माझ्या सगळ्या मित्रांच्या कंपन्यांत हेच आहे, बाबा," जावईबापू पहिल्यांदाच टेकू न लावता बोलले. "सगळे म्हणाले, बेस्ट आहे."

"ते वापरतात?"

जावईबापूंनी माउस खाली ठेवला.

तेव्हा आजोबांची खुर्ची सरकली. त्यांनी खण उघडला, लांबलचक रजिस्टर दोन्ही हातांनी उचललं आणि मालकांच्या पुढ्यात ठेवलं. "मी त्या यंत्राला शनिवार सोडून हात लावलेला नाही," ते म्हणाले. "पाच खोटे होते. बाईचा एक खरा होता. दे पोरी तो कागद." सही झाल्यावर कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "हार नको मला."

मग थर्माससुद्धा उठल्या. "मी तर आधीच म्हणत होते, एकाने केली की मी लगेच!" आणि वाहवांनी त्यांच्याखाली आपली सही केली, वळणदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या बोर्डावर सूचना लागली. बाई वर जाताना थांबल्या. सूचनेत लिहिलं होतं की हिशेब खात्याच्या प्रमुखपदी बाईंची नेमणूक झाली आहे. सत्तावीस वर्षं! मग त्यांनी दुसरी ओळ वाचली. 'व्यवस्थापनाने दिलेल्या संगणकाची ओळख या प्रशिक्षणामुळे त्यांच्या मानसिकतेत आमूलाग्र बदल घडून आला व त्यांनी प्रणालीचा पूर्ण स्वीकार केला, याबद्दल त्यांचे अभिनंदन.' खाली जावईबापूंची सही.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. उलटीही वाचली असती, इतका राग आला. म्हणजे खुर्ची द्यायची, पण खोट्याच्या दाखल्यावर! माउस धरायला शिकवल्याबद्दल त्यांनी जन्मभर आभार मानायचे!

मागे माणसं जमली होती. "वा, अभिनंदन!" "पेढे कधी?" थर्मास म्हणाल्या, "बाई, जाऊ द्या हो. खुर्ची मिळाली ना? काय लिहिलंय ते कोण वाचतं?"

हिशेबाच्या वहीत चूक खोडायची नसते. रबर चालत नाही, पांढरी शाई तर अजिबात नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी आपली सही, तारीख. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, काय चुकलं होतं आणि कुणी दुरुस्त केलं.

बाईंनी पर्समधून पेन आणि छोटी पट्टी काढली. बोर्डाची काच सरकवली. दुसऱ्या ओळीवर पट्टी टेकवून एक रेघ मारली, कागद फाटणार नाही अशी. वर लिहिलं: 'पहिल्या दिवसापासून ही प्रणाली वापरत आहे. तिच्यातला बिघाड कळवला म्हणून वर्गाला पाठवण्यात आले.' सही. तारीख.

जावईबापू गाडीतून उतरले ते थेट बोर्डाकडे. त्यांनी वाचलं. जमलेली माणसं अर्धं पाऊल मागे सरली.

"ताई, हा नोटीस बोर्ड आहे!"

"म्हणून तर बरोबर असला पाहिजे, साहेब."

"तुम्हाला पद नकोय का?"

"हवंय. सत्तावीस वर्षं हवंय." बाईंनी पट्टी पर्समध्ये टाकली. "पण या कारणासाठी दिलं असेल तर परत घ्या. ज्या कारणासाठी मिळायला हवं होतं ते वर लिहिलंय."

जावईबापूंचे हात हलले, पण या वेळी गाडी कुठेच गेली नाही. त्यांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं, वर मालकांच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मालक उभे होते, कानामागे हात धरून.

"ठीक आहे," ते अखेर म्हणाले. "मी नवीन प्रत छापून घेतो. चूक काढून."

"छापा," बाई म्हणाल्या. "पण ही काढू नका. शेजारी लावा."

आणि त्या वर गेल्या. कंपनीची दुरुस्ती दोन दिवसांत येणार होती, आणि त्याआधी त्रेपन्न पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवायच्या होत्या.